एसयूव्ही म्हणजे ऐसपैस? आधी फूटपट्टी लावा

‘सेडानमध्ये पाय दुमडून बसावं लागतं, एसयूव्ही घ्या, ऐसपैस!’ हा सल्ला गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मिळतोच. पण उंच एसयूव्ही म्हणजे बुटक्या सेडानपेक्षा आतून मोठी, हे गणितच चुकीचं आहे.

आपल्याकडे ४ मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करात सवलत आहे, म्हणून बऱ्याच एसयूव्ही त्या मापात कोंबलेल्या असतात. मारुती ब्रेझा या एसयूव्हीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २५०० मिमी, होंडा सिटी या सेडानचं २६००. गुडघ्यांना जागा मिळते ती मुख्यतः याच अंतरातून. डिकी ब्रेझाची ३२८ लिटर, सिटीची ५०६!

एसयूव्हीची बाजू डोक्यावरच्या जागेत आणि चढण्या-उतरण्यात. गुडघे दुखणाऱ्या आजीला सीट कमरेच्या उंचीवर हवी, तिथे सेडान हरते, वादच नाही. पण पुणे-कोल्हापूरसारख्या प्रवासात मांड्यांखाली सीटचा आधार किती, पाठ किती कललेली, हे महत्त्वाचं. त्याचा गाडीच्या उंचीशी थेट संबंध नाही. सात सीटांच्या गाडीची तिसरी रांग तर बहुधा मुलांसाठीच. मोठ्यांचे गुडघे छातीशी येतात.

शोरूममध्ये पुढची सीट आपल्या मापाने मागे सरकवा आणि तिच्याच मागे बसून बघा. सेल्समन बहुतेक वेळा ती पुढे ओढूनच ठेवतो.