‘अप्रमाणित’ म्हणजे नेमकं काय?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्यातली वीसहून अधिक मुलं ज्या खोकल्याच्या औषधाने गेली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. चालतं ०.१ टक्का. हे विष जुनंच आहे. अमेरिकेत १९३७ साली त्याने शंभरावर बळी घेतले आणि वर्षभरात तिथे नवा कायदा आला. आपल्याकडे मद्रास, गुडगाव, जम्मूतलं रामनगर अशी नावं वाढत गेली.

मराठी माणसाला आठवायला हवं ते १९८६. भायखळ्याच्या सरकारी रुग्णालयात मेंदूवरचा, डोळ्यातला दाब उतरवायला ग्लिसरीन पाजत. त्या वर्षाच्या सुरुवातीला ते घेतलेल्या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली. चौदा जण दगावले. औषधी ग्लिसरीन म्हणून आला होता तो औद्योगिक माल, आणि त्यात हेच डायएथिलीन ग्लायकॉल होतं. ग्लिसरीन आणि हे विष, दोन्ही द्रव बिनरंगी, दाट, गोडसर; डोळ्याला काय, जिभेलाही पत्ता लागत नाही. नंतरच्या चौकशी अहवालात रुग्णालय, औषध प्रशासन, मंत्री, सगळ्यांवर ताशेरे होते. पुढे अहवाल कपाटात गेला, म्हणायला हरकत नाही.

खरा घोळ शब्दाचा आहे. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, पैसे मोजतो, चार भाग करून सील ठोकतो. एक भाग सरकारी विश्लेषकाकडे जातो आणि अहवाल येतो: ‘अप्रमाणित’. गोळीचा कोपरा उडाला तरी अप्रमाणित, मूळ औषध कमी भरलं तरी अप्रमाणित, आणि बाटलीत विष निघालं तरी पहिला शिक्का तोच. कायद्यात ‘भेसळयुक्त’ आणि ‘बनावट’ या वेगळ्या व्याख्या आहेत. अपायकारक पदार्थ असलेलं औषध सरळ भेसळयुक्तात बसतं. अशा औषधाने जीव गेला तर किमान दहा वर्षं, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. नुसत्या ‘अप्रमाणित’चं कलम मात्र एक ते दोन वर्षांचं, दंड किमान वीस हजार. फिर्याद कोणत्या कलमाखाली लिहिली, यावरच सगळं ठरतं.

२०२३ मध्ये हेच धाकटं कलम तडजोडपात्र झालं, म्हणजे दंड भरून मिटवता येण्याजोगं. सरकारचं म्हणणं, बनावट आणि भेसळयुक्त औषधांना ही सवलत नाही. किरकोळ चुकांसाठी उद्योजकाला तुरुंग कशाला? युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. पण किरकोळ काय हे ठरवणाऱ्या अहवालात शब्द एकच असेल, तर आडोसाही त्याचाच मिळणार.

त्याच वर्षी आणखी एक नियम आला. २०२२ मध्ये गांबियात साठाहून अधिक मुलं दगावली होती. आपल्या सरकारने आपल्या औषधाशी त्याचा संबंध मान्य केला नाही. तरी १ जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या औषधाची आधी सरकारी प्रयोगशाळेत चाचणी सक्तीची झाली. देशातल्या दुकानात जाणाऱ्या बाटलीला ही अट नव्हती. छिंदवाड्यात विकलेली बाटली कांचीपुरमला भरलेली होती.