सिग्नस ए : टकरीचा अंदाज आणि धुळीआडचे केंद्र

हंस तारकासमूहातला सिग्नस ए हा आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक. १९५१ साली केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथ यांनी त्याची जागा अचूक मोजून दिली, तेव्हा कुठे खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांना अमेरिकेतल्या पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीने तिथे नेमके काय आहे ते शोधता आले. फोटोत दिसली जुळ्या ठिपक्यांसारखी एक अंधूक दीर्घिका.

दोन दीर्घिकांची टक्कर, असे बाडे म्हणाले. त्यांचे सहकारी रुडॉल्फ मिन्कोव्स्कींना ते पटेना. व्हिस्कीच्या बाटलीवर पैज लागली. वर्णपटात आयनीभूत वायूच्या ठळक रेषा मिळाल्या, ती टकरीची खूण मानली गेली आणि मिन्कोव्स्की हरले. गंमत अशी, की पुढे टकरीची ही कल्पनाच मागे पडली. तो वायू मुख्यतः धुळीआड दडलेल्या केंद्राच्या प्रारणाने उजळला होता. म्हणजे दडलेल्या केंद्राचा पुरावा बाडे-मिन्कोव्स्कींच्या १९५४ च्या शोधनिबंधातच होता. तो तसा वाचायला पुढची काही दशके जावी लागली.

दरम्यान १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक या रेडिओ वेधशाळेत रॉजर जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता या भारतीय संशोधकाने दाखवून दिले, की रेडिओ लहरींचा उगम एक नसून दोन आहेत. हे दोन प्रचंड ढग दीर्घिकेच्या दोन बाजूंना, तिच्या ताऱ्यांपासून कितीतरी लांब पसरलेले. आपल्याकडे या शोधाचा उल्लेख हवा तितका होत नाही. पण एवढ्या लांबच्या ढगांना ऊर्जा पुरवते कोण? १९७४ मध्ये ब्लँडफर्ड व रीस आणि स्वतंत्रपणे शॉयर यांनी उत्तर मांडले : केंद्रातून सतत निघणारे अरुंद झोत. एम ८७ दीर्घिकेतला असा सरळ किरण हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्येच नोंदवला होता. सिग्नस एचा झोत मात्र १९८४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या नकाशात प्रथम स्पष्ट दिसला. केसासारखी बारीक रेघ, केंद्रातून थेट ढगाच्या दिशेने.

केंद्राचे काय? क्वासार म्हणजे दीर्घिकेचे अतिप्रखर केंद्र; त्याच्या वर्णपटात असतात तशा रुंद रेषा इथे थेट दिसत नव्हत्या. १९९७ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीने ध्रुवीभूत (कणांवरून विखुरल्याने एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात हायड्रोजनची रुंद रेषा टिपली. आत क्वासार आहे, फक्त त्याचा प्रकाश आजूबाजूच्या कणांवर आपटून, आडवाटेने आपल्यापर्यंत येतो. आणि २०१९ मध्ये व्हीएलएनेच झोतांना काटकोनात असलेले, केंद्राला झाकणारे वायूचे जाड कडे प्रत्यक्ष टिपले.