हातचा जातो कुठे?

बावन्नातून सत्तावीस वजा करा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक घ्यायचा. बारातून सात गेले, राहिले पाच. आता त्या पाचाचे चार झालेत, हे विसरायचं नाही. नेमकं तेच पोर विसरतं आणि वहीत ३५ लिहितं. मोठ्यांचं निदान तयार असतं : लक्ष नाही!

लक्ष असतं, जागा नसते. हिशेब चालू असताना मधले आकडे तेवढ्यापुरते धरून ठेवणारी कार्यस्मृती मुळातच तोकडी. 'मला जमणार नाही, सगळे हसतील' ही धाकधूकही तिथेच पथारी पसरते. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही अक्षरं लक्षात ठेवता ठेवता बेरजा करायला लावल्या. गणिताची धास्ती असलेल्यांची सर्वांत जास्त त्रेधा उडाली ती हातच्याच्या बेरजांत.

२०१३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी पहिली-दुसरीतल्या मुलांकडे पाहिलं, तेव्हा धास्तीचा फटका दिसला तो दांडगी कार्यस्मृती असलेल्यांत. उलटंच वाटतं खरं. संशोधकांचा तर्क असा : बोटांवर मोजणाऱ्याचं धास्तीनं फारसं बिघडत नाही, पण मनातल्या मनात गणित करणाऱ्याची भिस्तच त्या जागेवर. म्हणजे वर्गातली चुणचुणीत मुलंच आधी गळपटतात.

मग 'तू हुशार आहेस' असं घोकून आत्मविश्वास भरावा का? मला ते पटत नाही. 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीत जपान, दक्षिण कोरिया अगदी वरच्या रांगेत असतात, तरी 'आम्हाला गणित येतं' म्हणणारी मुलं तिथे कमीच. एकाच देशातली मुलं शेजारी ठेवली, तर मात्र विश्वास असलेल्यांचे गुण जास्त दिसतात. गुणांनी विश्वास वाढतो, विश्वासानं गुण. कोंबडी आधी की अंडं, ते एका चाचणीवरून सांगता येत नाही.

अल्बर्ट बांडुरा आणि डेल शुंक या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ चा प्रयोग इथे कामाचा. वजाबाकीत कच्ची ४० मुलं, सात बैठका, ४२ पानं. काहींना सांगितलं, रोज निदान सहा पानं करा. काहींना, शेवटपर्यंत सगळी ४२ संपवा. काहींना उद्दिष्टच दिलं नाही. सहा पानंवाल्यांचा विश्वासही वाढला आणि वजाबाकीही सुधारली. ४२ चा डोंगर दाखवलेली मुलं उद्दिष्ट नसलेल्यांपेक्षा काही पुढे गेली नाहीत. पानं सगळ्यांना तीच होती. नंतर 'हवं ते करा' म्हणून मोकळं सोडलं, तेव्हा आपणहून वजाबाक्या सोडवण्यात पुढे होती तीही सहा पानंवालीच.