मधुमेहातील पोटाचे विकार (ग्रामीण विदर्भ)

मधुमेहातील पोटाचे विकार : दीर्घकाळ चढ्या राहिलेल्या रक्तशर्करेमुळे किंवा मधुमेहावरच्या औषधांमुळे उद्भवणाऱ्या पचनाच्या तक्रारी. दोन घासांतच पोट भरणे, करपट ढेकर, मळमळ, पोट फुगणे, बद्धकोष्ठ आणि रात्री-अपरात्री लागणारे जुलाब ही त्यांची मुख्य लक्षणे. विदर्भातल्या खेड्यांत मधुमेह म्हणजे ‘शुगर’ आणि पोटाची जवळजवळ प्रत्येक तक्रार म्हणजे ‘गॅस’. शुगरची गोळी आरोग्य केंद्रातून, गॅसची पुडी आठवडी बाजारातून, असे दोन उपचार वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी चालतात. त्यांचा एकमेकांशी संबंध सहसा लावला जात नाही.

कारणे

नवी तक्रार असेल तर आधी गोळ्यांकडे पाहावे. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या नेहमीच्या गोळीमुळे सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ व पातळ शौचास होणे नेहमीचे आहे. गोळी जेवणासोबत घेतली, मात्रा हळूहळू वाढवली किंवा सावकाश विरघळणारा प्रकार घेतला, तर बहुतेकांचा त्रास कमी होतो. व्होग्लिबोज हे औषध पिष्टमय अन्नाचे पचन लांबवते. न पचलेला अंश मोठ्या आतड्यात आंबतो आणि वायू धरतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या भाताच्या जेवणावर ही गोळी घेणाऱ्याला पोट गुडगुडण्याची तक्रार करायला फार वाट पाहावी लागत नाही.

जुन्या मधुमेहात मात्र नसा दुबळ्या होतात. जठराला चालना देणारी व्हेगस नस मंदावली की अन्न तासन्‌तास पोटातच राहते. डॉक्टर याला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. अमेरिकेतील ओल्मस्टेड परगण्यातल्या अभ्यासात १० वर्षांत पहिल्या प्रकारच्या मधुमेहींपैकी सुमारे ५ टक्के व दुसऱ्या प्रकारच्यांपैकी १ टक्का लोकांना तो झाला. म्हणजे प्रत्येक ढेकर हा नसांचा आजार नव्हे. एंडोस्कोपीने (तोंडातून दुर्बीण घालून) व्रण किंवा अडथळा नाही याची खात्री केल्यानंतर किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले जेवण देऊन तपासणी करतात. ४ तासांनंतर जठरात १० टक्क्यांहून अधिक अन्न उरले तर निदान पक्के होते. ही सोय मोठ्या शहरांतच असल्याने खेड्यातल्या रुग्णाला नागपूर गाठावे लागते.

या विकाराचा सर्वांत फसवा परिणाम साखरेवर होतो. इन्सुलिन घेऊन जेवले, पण जेवण पुढे सरकलेच नाही, तर आधी साखर उतरते, घाम फुटतो, हात कापतात; काही तासांनी तीच साखर वर चढते. सकाळी घाईने दोन घास खाऊन कापूस वेचायला गेलेल्या बाईला हे वावरातच होऊ शकते. व्होग्लिबोज चालू असेल तर अशा वेळी साखर किंवा गूळ लवकर लागू पडत नाही. ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून द्यावी लागते. शिदोरीसोबत तिची पुडी बांधून न्यावी, हे खरे तर गोळी देतानाच सांगायला हवे.

आहार आणि औषधे

‘शुगर आहे ना, मग ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कच्ची काकडी-मुळा खा’ हा सल्ला एरवी चांगलाच आहे. संथ जठराला मात्र तो बाधतो. चोथा पोटात साचून त्याचा गोळाही बनू शकतो. अशांना थोडे-थोडे, चार-पाच वेळा, मऊ अन्न मानवते : मुगाचे वरण, गरगटा भात, साल काढून शिजवलेला दोडका, पातळ ताक. तेल जठराला आणखी रेंगाळत ठेवते, म्हणून तर्रीदार सावजी रस्सा वर्ज्य. जेवून लगेच आडवे होऊ नये. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) तर सोडलेलाच बरा.

मेटोक्लोप्रामाइड जठर हलवते, पण १२ आठवड्यांहून अधिक घेतल्यास चेहऱ्याच्या, जिभेच्या अनैच्छिक हालचाली जडण्याचा धोका वाढतो. त्याच कामाच्या डॉम्पेरिडोनमुळे हृदयाची लय बिघडू शकते. आम्लपित्ताच्या गोळीत मिसळून मिळणाऱ्या लेव्होसल्पिराइडने वृद्धांना कंपवातासारखी लक्षणे होतात. जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने ही गोळी आणत राहणे त्यामुळे निरुपद्रवी नाही. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची गोळी दोन्ही दीर्घकाळ चालू असतील तर ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे.

पारंपरिक उपाय

आयुर्वेदात प्रमेहाचे २० प्रकार सांगितले असून मधुमेह हा त्यांतलाच एक. मंदावलेला अग्नी (पचनशक्ती) हा विचारही तिथे मध्यवर्ती आहे. घरोघरी ओवा, हिंग, सुंठ यांचा वापर होतो. निरोगी माणसांवरील लहान अभ्यासांत आल्यामुळे जठर लवकर रिकामे झाल्याचे आढळले. मधुमेहींबाबत तितका भक्कम पुरावा नाही. चिमूटभर सुंठ ताकातून घ्यायला हरकत नसते. जुलाबावर कच्च्या बेलाचा वाळवलेला गर देतात. पिकलेल्या बेलाचे सरबत वेगळे, त्यात साखर असते.

गोंधळ होतो तो साखरेच्या आणि पोटाच्या उपायांची सरमिसळ झाल्यावर. मेथीदाण्याने साखर थोडी उतरते, पण वायू आणि जुलाब वाढू शकतात. जांभळाच्या बियांचे चूर्ण तुरट असल्याने बद्धकोष्ठ असलेल्याने जपून घ्यावे. ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या गोळीसोबत कारल्याचा रस घेतल्यास साखर फार खाली जाऊ शकते. इसबगोल बद्धकोष्ठावर उत्तम, पण भरपूर पाण्यासह आणि इतर गोळ्यांपासून अंतर ठेवून. जठर संथ असेल तर नकोच. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी हे रेचक असते, ती रोजच्या सवयीची गोष्ट नव्हे. नाव-घटक नसलेल्या ‘शुगरच्या जडीबुटी’त अॅलोपॅथीच्या गोळ्यांची भुकटी व काही भस्मांत शिसे सापडलेले आहे.

तातडीची लक्षणे

मधुमेही माणसाच्या छातीखाली अचानक दाब आला, घाम सुटला, तर ओवा चावत बसू नये. हृदयविकाराचा झटका त्याच्यात ‘गॅस’ म्हणूनच येऊ शकतो. लगेच ग्रामीण रुग्णालय गाठून ईसीजी काढावा. इन्सुलिन बंद पडल्यानंतरची उलटी व पोटदुखी, काळी शौच, विनाकारण घटणारे वजन हीही वाट पाहत बसण्यासारखी लक्षणे नव्हेत.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा जुलाबाचा एक दिवसही मूत्रपिंडांना जड जातो. ‘गोड आहे’ म्हणून मधुमेही ओआरएस (जुलाबात देतात ते क्षार-ग्लुकोजचे पाणी) टाळतात. एका लिटरमध्ये ग्लुकोज असते ते साडेतेरा ग्रॅम, तेही आतड्यातून मीठ-पाणी शोषले जावे म्हणून. ते थोडे-थोडे पीत राहावे, साखर तपासावी आणि उलट्या-जुलाब थांबेपर्यंत मेटफॉर्मिन चालू ठेवावे की नाही, हे आरोग्य केंद्रात विचारावे. इन्सुलिन मात्र स्वतःहून बंद करू नये.