कलेक्टर व्हायला राज्यशास्त्रातच बी.ए. लागतं?

‘कलेक्टर व्हायचंय? मग राज्यशास्त्रातच बी.ए. करा,’ हा सल्ला बारावीनंतर हमखास फिरतो. तशी अट नाही. नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी चालते.

समज पसरला त्याला कारण आहे. मुख्य परीक्षेत राज्यघटना आणि शासनव्यवहारावर प्रश्न असतात, शिवाय राज्यशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो. पण तो इंजिनीअरही घेऊ शकतो, आणि वैकल्पिक विषयाचे गुण लेखी १७५० पैकी ५००च. राज्यसंस्था, न्याय, निवडणुका यांचं खरं कुतूहल असेल तर हा विषय जरूर घ्या. नुसती परीक्षेची शिडी म्हणून तीन वर्षं त्यात घालवणारी मुलं पाहून वाईट वाटतं.

खात्री करायची तर परीक्षेच्या अधिकृत जाहिरातीतलं ‘शैक्षणिक पात्रता’ हे कलम आणि वैकल्पिक विषयांची यादी वाचा.