हॅमिल्टनचा शे आणि थांबण्याचं सायन्स

परवा एक व्हिडिओ पाव स्पीडवर लावून मी कितीतरी वेळा बघितला. ओक्लाहोमा सिटी थंडर या अमेरिकन बास्केटबॉल टीमचा शे गिल्जस-अलेक्झांडर बॉलचे टप्पे देत उजव्या बाजूने बास्केटकडे निघालाय, डिफेंडर त्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून पळतोय, दोघांचा वेग सारखाच, आणि मग शे एक लांब पाऊल टाकतो, टाच आधी टेकते, गुडघा वाकतो, कंबर खाली येते पण छाती मात्र ताठच राहते, दुसरं पाऊल बाजूला येऊन टेकतं आणि माणूस जागच्या जागी उभा. डिफेंडर अजून पुढेच चाललाय. त्याची मान मागे वळलीये, हात मागे आलाय पण पाय काही ऐकत नाहीयेत. शे शांतपणे बॉल डोक्यावर नेतो आणि सोडतो.

बास्केटबॉल म्हटलं की आपण बोलतो ते उंच उडीबद्दल, स्पीडबद्दल, डंकबद्दल. शे एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, मानाने ना फार वेगवान आहे, ना फार उंच उडतो. तरी 2024-25 च्या सीझनला त्याने मॅचमागे सरासरी 32.7 पॉइंट्स काढले, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, पण तोच झाला. हे त्याला कसं जमतं हे समजून घ्यायचं तर माझ्या मते त्याचं पळणं सोडून द्या आणि त्याचं थांबणं बघा. थांबणं ही शरीरासाठी पळण्याइतकीच, खरं तर काही बाबतीत जास्त अवघड गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

शेचा जन्म 12 जुलै 1998 चा, कॅनडातल्या टोरांटोचा, पण वाढला तो हॅमिल्टनमध्ये. लेक ऑन्टॅरिओच्या काठावरचं स्टीलच्या कारखान्यांचं शहर. त्याची आई शार्मेन गिल्जस 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अँटिग्वा अँड बार्ब्युडाकडून 400 मीटर धावली होती. हे वाचलं की लोक लगेच म्हणतात, बघा, जीन्समध्येच आहे. थोडं थांबूया इथे. वेगाशी जोडलेलं एक जीन खूप गाजलंय, एसीटीएन3 नावाचं, पण त्याचा एक प्रकार जगातल्या अब्जावधी लोकांकडे आहे आणि खेळाडूंमधल्या फरकाचा अगदी छोटासा भाग त्याने समजतो. आईकडून शरीराची ठेवण आली असेल, पण ऑलिंपिकपर्यंत गेलेली बाई घरात असली की वेळेवर उठणं, रोज सराव, झोप, खाणं या गोष्टी कशा चालतात ते पोरगं लहानपणापासून बघत असतं. त्यातलं किती रक्तातून आलं आणि किती घरातून, हे कोणी वेगळं काढून दाखवू शकत नाही.

आता शाळेची गोष्ट. नववीत त्याची शाळेच्या ज्युनियर टीममध्ये निवडच झाली नाही, तो खालच्या वयोगटाच्या टीममधून खेळला. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो कारण यात एक मोठं सायन्स दडलंय आणि योगायोगाने त्याची सुरुवातही कॅनडातच झालीये. 1980 च्या दशकात रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनेडियन सायकॉलॉजिस्टच्या लक्षात आलं की आईस हॉकीच्या वरच्या लेव्हलला खेळणाऱ्या पोरांमध्ये जानेवारी-फेब्रुवारी-मार्चचे वाढदिवस खूप जास्त आहेत. कारण साधं होतं, वयोगटाची तारीख 1 जानेवारी, त्यामुळे जानेवारीतलं पोरगं डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं, अंगाने थोराड, कोचला तेच जास्त टॅलेंटेड वाटतं, त्यालाच चांगली टीम आणि चांगलं कोचिंग मिळतं आणि मग ते खरोखरच पुढे जातं. याला रिलेटिव्ह एज इफेक्ट म्हणतात. आणि जन्मतारखेपेक्षाही मोठा फरक पडतो तो अंगाने कोण कधी वाढतं याचा. चौदाव्या वर्षी एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वाढीत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज असू शकतं.

उशिरा उंच होणाऱ्या मुलाला तोटा आहेच, निवड होत नाही, पण एक गोष्ट त्याच्या वाट्याला येते. बुटका असल्यामुळे त्याला कायम गार्ड खेळायला लावतात, म्हणजे बॉल हाताळणं, मोठ्या पोरांमधून वाट काढणं, ताकदीने जमत नाही म्हणून चकवणं. आणि मग उंची आली की ते सगळं कसब लांब हातापायांवर येऊन बसतं. शे आज साधारण 198 सेंमी उंच आहे आणि त्याचे पसरलेले हात उंचीपेक्षा बरेच लांब आहेत, पण खेळ अजून लहान चणीच्या पोराचाच आहे, खांदे आत घेऊन फटीतून सरकणाऱ्याचा.

हॅमिल्टनमध्ये शाळा बदलली, मग बॉर्डर ओलांडून अमेरिकेत टेनेसीमधल्या चॅटनूगाला हॅमिल्टन हाइट्स नावाच्या शाळेत गेला. कॅनडाच्या पोरांचा हा तेव्हाचा नेहमीचा रस्ता, कारण अमेरिकन कॉलेजांची नजर तिकडेच असते. त्याचा कझिन निकील अलेक्झांडर-वॉकर पण तिथेच होता, तोही पुढे एनबीएत आला. मग केंटकी युनिव्हर्सिटी, तिथे सीझनच्या सुरुवातीला बेंचवरून उतरायचा, शेवटाला टीमचा मुख्य माणूस होऊन बसला. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम्स नवे खेळाडू निवडतात तिथे, अकरावा नंबर. म्हणजे दहा पोरं त्याच्या आधी निवडली गेली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. घरातल्या पॅसेजमध्ये जोरात चालत जा आणि अचानक थांबा. लक्ष दिलंत तर कळेल की तुम्ही शेवटच्या पावलावर थांबत नाही, त्याच्या आधीच्या पावलालाच शरीर खाली बसायला लागतं आणि पाय शरीराच्या पुढे जाऊन पडतो. धावताना हेच खूप मोठ्या प्रमाणात करावं लागतं. थोडा हिशोब करू. शेचं वजन साधारण 88 किलो. समजा तो सेकंदाला 5 मीटरने, म्हणजे ताशी 18 किमीने येतोय आणि त्याला 0.6 सेकंदात थांबायचंय. त्याला साधारण दीड मीटर जागा लागेल आणि त्या सगळ्या वेळात जमिनीने त्याला मागे ढकललं पाहिजे जवळजवळ 730 न्यूटनने, म्हणजे 75 किलोचं पोतं उचलायला जेवढा जोर लागतो तेवढा, फक्त आडवा. शिवाय स्वतःचं वजन आहेच. हा जोर सरासरी झाला, टाच टेकते त्या क्षणी तो याच्या कितीतरी वर जातो. आणि वेग दुप्पट झाला तर जिरवायची एनर्जी चौपट होते, गाडीच्या ब्रेकचं जे गणित तेच.

हा जोर येतो बुटाचा सोल आणि लाकडी फ्लोअर यांच्यातल्या घर्षणातून. मॅच बघताना कोणी पडलं की पोरं मॉप घेऊन धावत येतात आणि घाम पुसतात, खेळाडू सारखे तळहाताने बुटाचे सोल पुसतात, ते यासाठीच. ओल्या फ्लोअरवर कितीही ताकदीचे पाय असले तरी ब्रेक लागत नाही.

पण घर्षण बाहेरचं झालं, आत ही एनर्जी कोण पितं? मांडीचा पुढचा स्नायू. आणि इथे शरीराची एक भारी गंमत आहे. आपल्याला वाटतं स्नायू आखडला की जोर लागतो. पण ब्रेक लावताना गुडघा वाकत जातो, म्हणजे मांडीचा स्नायू जोर लावत असतानाच ताणला जातो, लांब होत असतो. याला एक्सेंट्रिक काम म्हणतात. या प्रकारात स्नायू जास्त जोर काढू शकतो आणि त्यासाठी खर्च कमी येतो, पण आतल्या बारीक तंतूंना इजा जास्त होते. गड चढताना दम लागतो पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे, हा अनुभव आपल्याकडे ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. उतरताना प्रत्येक पाऊल हा एक छोटा ब्रेक असतो.

ताणताना स्नायू जास्त जोर कसा काढतो हे जुन्या थिअरीने नीट समजत नव्हतं. त्या थिअरीत दोनच प्रोटीन्स होती, ॲक्टिन आणि मायोसिन, एकमेकांना धरून ओढणारी. आता तिसऱ्याचं नाव पुढे आलंय, टायटिन, शरीरातलं सगळ्यात मोठं प्रोटीन, स्प्रिंगसारखं. स्नायू चालू असताना ताणला की ही स्प्रिंग जास्त कडक होते असं दिसतंय, आणि यावर बरंच काम कॅनडातच कॅलगरी युनिव्हर्सिटीत वॉल्टर हर्झोग यांच्या लॅबमध्ये झालंय.

आता डिफेंडरच्या बाजूने बघा. डोळ्यांनी काहीतरी बदल बघून शरीर हलायला लागेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, कितीही तयार असला तरी यात फार कपात होत नाही. 5 मीटरच्या वेगाने 0.2 सेकंदात किती अंतर जातं? बरोबर 1 मीटर. म्हणजे दोघांचे ब्रेक अगदी सारखे चांगले असले तरी ज्याने आधी ठरवलं त्याच्यापेक्षा दुसरा 1 मीटर पुढे जाऊन थांबणार. एनबीएत शॉट मारायला 1 मीटर म्हणजे मोकळं मैदान. आणि शेचे ब्रेक जर त्याच्यापेक्षा चांगले असतील तर अंतर अजून वाढतं.

कॅलिफोर्नियात सांता बार्बराला पी3 नावाची लॅब आहे, तिथे खेळाडूंच्या पायाखाली जोर मोजणारी फोर्स प्लेट लावून आणि कॅमेऱ्यांनी सांधे मोजून हेच तपासतात. एनबीएतला स्टार जेम्स हार्डन, त्याची उडी आणि वेग त्यांना साधारणच वाटले पण वेग कमी करण्याच्या ताकदीत तो फार वरचा निघाला. त्यानंतर या गोष्टीकडे लोक जास्त लक्ष द्यायला लागले. शेचे तसे आकडे माझ्यासमोर नाहीत, पण हार्डनच्या बाबतीत मोजलं गेलं तेच शेच्या खेळात मला डोळ्यांनी दिसतं.

आणि शे एकदाच थांबत नाही. तो निघतो, अर्धा थांबतो, परत निघतो, परत अर्धा थांबतो. यामागचं सायन्स 1931 पासून माहिती आहे, टेलफर्ड नावाच्या सायकॉलॉजिस्टने ते मांडलं. एका इशाऱ्याला काय उत्तर द्यायचं हे मेंदू ठरवत असताना लगोलग दुसरा इशारा आला तर त्या दुसऱ्याचं उत्तर नेहमीपेक्षा उशिरा येतं. स्टेशनवर एकच खिडकी उघडी असलेलं तिकीट काउंटर डोळ्यासमोर आणा, पहिल्या माणसाचं झाल्याशिवाय दुसऱ्याचा नंबर लागत नाही. शे खांदा पाडतो, डिफेंडरचा मेंदू म्हणतो चला पळा, ते ठरत असतानाच शे टाच टेकवतो, आणि आता थांबायचा निर्णय रांगेत उभा. 0.2 चे 0.3, कधी त्याहून जास्त होतात. म्हणूनच त्या व्हिडिओत डिफेंडरची मान वळलेली आणि पाय पुढे असं दिसतं.

नियमही त्याच्या मदतीला आहे. एनबीएत टप्पा संपवून बॉल ताब्यात घेतल्यावर दोन पावलं टाकता येतात. बहुतेक पोरं ती दोन पावलं बास्केटवर चढायला वापरतात, शे पहिलं पाऊल ब्रेकसाठी आणि दुसरं तोल साधायला वापरतो.

2019 मध्ये त्याच्या पहिल्या एनबीए टीमने, लॉस एंजेलिस क्लिपर्सने, त्याला पॉल जॉर्ज या स्टार खेळाडूच्या बदल्यात ओक्लाहोमाला देऊन टाकलं. तेव्हा त्याला एकवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यानंतरच्या काही सीझन्समध्ये सलग, बास्केटकडे सगळ्यात जास्त ड्राईव्ह करणारा, म्हणजे बॉल घेऊन आत घुसणारा, खेळाडू तोच होता, मॅचमागे वीसच्या वर. म्हणजे तेवढे ब्रेक रोज. शरीर याची किंमत घेतं. 2021 मध्ये तळपायाच्या प्लांटर फॅशियाच्या दुखण्याने त्याचा सीझन अर्ध्यातच संपला. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारी ही जाड पट्टी, टेकवलेल्या प्रत्येक पावलाचा ताण तिच्यावर येतो. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट कोणाचा धक्का न लागता तुटतो तेव्हाही बहुतेक वेळा माणूस पळत नसतो, थांबत किंवा वळत असतो किंवा उडीवरून खाली येत असतो. हे माहिती असूनही शाळेतल्या पोरांना कोच स्प्रिंट मारायला लावतात, उड्या मारायला लावतात, आणि थांबायचं कसं हे कोणी शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक्सेंट्रिक ताकद वाढवता येते, हळूहळू खाली बसायचे स्क्वॉट्स, पायरीवरून उतरून स्थिर उभं राहणं, थोड्या वेगातून दोन पावलांत थांबणं, या साध्या गोष्टी आहेत, जिमसुद्धा लागत नाही.

2023 ला मनिलात वर्ल्ड कपच्या ब्राँझसाठी कॅनडाने अमेरिकेला ओव्हरटाइममध्ये 127-118 हरवलं. शेचे 31 पॉइंट्स आणि 12 असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास. जेम्स नेस्मिथ नावाच्या कॅनेडियन माणसाने 1891 मध्ये हा खेळ काढला, त्या देशाला पुरुषांच्या वर्ल्ड कपचं पहिलं मेडल मिळायला इतकी वर्षं लागली.

आणि मग 22 जून 2025, इंडियाना पेसर्सविरुद्ध फायनलची सातवी मॅच. सीझनच्या 76 आणि त्यानंतरच्या बाद फेरीच्या, म्हणजे प्लेऑफच्या 23, या दोन्ही मिळून शेची ही नव्व्याण्णवावी मॅच. शॉट पडत नव्हते त्या दिवशी, 27 मारले त्यातले 8 पडले. त्याचा ड्राईव्ह मात्र चालूच होता. तो टाच टेकवायचा, त्याचा डिफेंडर पुढे निघून जायचा, ती जागा भरायला दुसरा धावत यायचा आणि मग कोपऱ्यात कोणीतरी मोकळा उभा असायचा. बॉल तिकडे जायचा. 29 पॉइंट्स, 12 असिस्ट, आणि कप ओक्लाहोमाला.