छोटे किरणोत्सारी पार्सल: वर्गीकरणाच्या नियमांमागचा इतिहास

किरणोत्सारी मालाच्या वाहतुकीवर पहिले निर्बंध आले ते फोटोच्या फिल्ममुळे. 1930 च्या दशकात अमेरिकेत रुग्णालयांसाठी लागणारे रेडियम टपालाने जायचे. त्याच्या शेजारी कोऱ्या फिल्मचे खोके पडले, की फिल्म उघडण्याआधीच काळवंडलेली असायची. फिल्म बनवणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि 1936 च्या सुमारास टपाल खात्याने असा माल बंद केला.

युद्धानंतर अणुभट्ट्यांतून समस्थानिके मुबलक मिळू लागली. ती रेल्वेने आणि विमानाने पाठवावीच लागणार होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एमआयटीचे भौतिकशास्त्रज्ञ रॉब्ली इव्हान्स यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. तिच्या शिफारशींवर 1948 च्या सुमारास तिथल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाचे नियम उभे राहिले. पार्सलपासून 1 मीटरवर ताशी किती किरणोत्सर्ग पोहोचतो हे मोजायची पद्धत तिथली. आजचा 'ट्रान्सपोर्ट इंडेक्स' (1 मीटरवरच्या मात्रेवरून काढलेला पार्सलचा आकडा) तिच्यातूनच आला.

'छोट्या' मालाला सवलतही त्याच पिढीतल्या नियमांत मिळाली. रेडियम किंवा पोलोनियम 0.1 मिलिक्युरीपर्यंत असेल, नेहमीच्या हाताळणीत गळती होणार नसेल आणि पार्सलच्या पृष्ठभागावर 24 तासांत मिळून 10 मिलिराँटजेनपेक्षा कमी गॅमा मात्रा पडत असेल, तर बरेचसे सोपस्कार माफ. बाकीच्या बहुतेक समस्थानिकांना सेकंदाला 5 कोटी विघटने ही एकच सरसकट मर्यादा होती. ट्रिशियम आणि कोबाल्ट-60 यांना एकाच मापात बसवणे आज खटकते, पण त्या वेळी शरीरात गेलेल्या किरणोत्साराची मात्रा काढायची साधनेच तुटपुंजी होती.

1959 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने हा विषय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे सोपवला. संस्थेची पहिली नियमावली 1961 मध्ये निघाली. पुढे रेल्वे, रस्ते, जहाज, विमान या सगळ्यांच्या धोकादायक माल नियमांतला वर्ग 7, म्हणजे किरणोत्सारी मालाचा वर्ग, तिच्यावरच बेतला गेला. सुरुवातीला समस्थानिकांचे विषारीपणानुसार गट पाडलेले होते. 1973 च्या आवृत्तीत साध्या ('टाइप ए') पॅकेजमध्ये किती किरणोत्सारी माल ठेवता येईल याच्या प्रत्येक समस्थानिकाला स्वतःच्या दोन मर्यादा मिळाल्या: माल न फुटणाऱ्या सीलबंद रूपात असेल तर ए1, नसेल तर ए2. हे आकडे काढायची पद्धत 1985 मध्ये बरीच सुधारली.

छोट्या पार्सलची सगळी गोम या ए2 मध्ये आहे. साधे 'टाइप ए' पॅकेज अपघातात फुटले आणि जवळ कुणी अर्धा तास उभा राहिला, तर त्याला 50 मिलिसीव्हर्टच्या (सीव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या मात्रेचे एकक) आसपासच मात्रा मिळावी, असे ए2 ठरवताना धरलेले आहे. तशा अपघातात मालाचा साधारण हजारावा भाग बाहेर पडेल असा अंदाज असतो. बरेचसे सोपस्कार माफ असलेले, म्हणजे सवलतीचे पॅकेज मात्र पार चिरडले जाऊन सगळा माल बाहेर येईल असेच गृहीत धरतात. म्हणून घन मालाला मर्यादा ए2 च्या हजाराव्या भागाची आणि सहज सांडणाऱ्या द्रवाला दहा हजाराव्या भागाची. नियमांतल्या 'छोटे' या शब्दाचा खोक्याच्या आकाराशी संबंध नाही. खोके नाहीसे झाले तरी आतला माल फारसे नुकसान करू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नवख्या माणसाला हे कळले, की तक्ते पाठ करायची गरज निम्मी संपते.

घोटाळा सर्वाधिक होतो तो पृष्ठभागाच्या मात्रेवरून. सवलतीच्या पॅकेजवर ताशी 5 मायक्रोसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा चालत नाही. पण पांढरे 'श्रेणी 1' लेबल लावायच्या पॅकेजचीही वरची मर्यादा तीच आहे. त्यामुळे मोजणी यंत्राने पृष्ठभागावर ताशी 3 मायक्रोसीव्हर्ट दाखवले म्हणून पार्सल आपोआप सवलतीत जात नाही. आत किती बेक्वेरेल (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेक्वेरेल) आहेत, हे कागदावर काढावेच लागते.

याच्याही खाली आणखी एक पायरी आहे, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत शहाणी दुरुस्ती तिथेच झाली. माल वर्ग 7 मध्ये मोडतो की नाही, हे 1996 पर्यंत एकाच आकड्यावर ठरायचे: ग्रॅममागे 70 बेक्वेरेल, मग समस्थानिक कोणतेही असो. 1996 च्या आवृत्तीने प्रत्येक समस्थानिकाला तीव्रतेची, म्हणजे ग्रॅममागची, वेगळी मर्यादा आणि एका खेपेसाठी वेगळी एकूण मर्यादा दिली. दोन्ही ओलांडल्या तरच वर्ग 7.

याचा फरक रेडिओइम्युनोअसेच्या (रक्तातली सूक्ष्म द्रव्ये किरणोत्सारी खुणेच्या मदतीने मोजायच्या तंत्राच्या) किटवर नीट दिसतो. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी 1950 च्या दशकात शोधलेल्या या तंत्राची किटे थायरॉइडच्या तपासणीसाठी वाशीच्या 'ब्रिट'मधूनही (समस्थानिके पुरवणारी अणुऊर्जा विभागाची संस्था) देशभर गेली आहेत. समजा, एका किटमध्ये 10 मिलिलिटर द्रावणात 200 किलोबेक्वेरेल आयोडीन-125 आहे. म्हणजे ग्रॅममागे सुमारे 20,000 बेक्वेरेल, जुन्या नियमाने निःसंशय किरणोत्सारी माल. नव्या नियमात आयोडीन-125 साठी तीव्रतेची मर्यादा ग्रॅममागे 1,000 बेक्वेरेल आहे आणि खेपेची 1 मेगाबेक्वेरेल. तीव्रता ओलांडली, पण चार किटांची खेप 0.8 मेगाबेक्वेरेलची, म्हणून ती वर्ग 7 च्या बाहेर. सहा किटे एकाच खेपेत गेली तर 1.2 मेगाबेक्वेरेल होतात आणि माल वर्ग 7 मध्ये येतो. द्रवाची सवलत मर्यादा इथे 300 मेगाबेक्वेरेल असल्याने पृष्ठभागाची मात्रा आणि इतर अटी पाळल्या, तर तो यूएन 2910 (धोकादायक मालाला दिलेला संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक) खाली सवलतीच्या पॅकेजमधून जातो.

उपकरणांचा हिशेब निराळा. धुराची सूचना देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रात अमेरिसियम-241 साधारण 37 किलोबेक्वेरेल असते आणि त्याची खेपेची मर्यादा फक्त 10 किलोबेक्वेरेल आहे. म्हणजे कारखान्यातून निघालेले एकटे यंत्रसुद्धा सर्वसाधारणपणे वर्ग 7 मध्ये येते. पण पदार्थ यंत्रात पक्का बसवलेला असल्याने घन रूपात प्रत्येक नगाला ए2 च्या शंभराव्या भागाइतकी, म्हणजे 10 मेगाबेक्वेरेलपर्यंत मोकळीक मिळते. त्याचा क्रमांक यूएन 2911. नियामकाची मान्यता असलेले तेच यंत्र ग्राहकाला विकले गेले, की हे नियम त्याला लागत नाहीत. उरलेल्यांपैकी यूएन 2908 रिकाम्या झालेल्या पॅकेजांसाठी आणि 2909 नैसर्गिक किंवा क्षीण युरेनियम वा थोरियमच्या वस्तूंसाठी.

भारतात 1956 मध्ये तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाल्यावर समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 मध्ये स्थापन झाले, त्याची वाहतूक संहिता 1986 मध्ये आली, आणि 2016 मध्ये ती आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2012 च्या आवृत्तीशी जुळवून घेतली गेली. त्या 2012 च्या आवृत्तीतच 0.1 किलोपेक्षा कमी युरेनियम हेक्झाफ्लोराइडला यूएन 3507 हा वेगळा क्रमांक मिळाला. इतक्या थोड्या युरेनियमच्या किरणोत्सर्गापेक्षा त्या पदार्थाचा विषारी आणि दाहक गुण जास्त घातक असतो. हाच विचार इतर सवलतीच्या पॅकेजांनाही लागू आहे: किरणोत्सारी नमुना ज्वालाग्राही अल्कोहोलमध्ये असेल, तर तो ज्वालाग्राही द्रव म्हणून वर्गीकृत करायचा.